रानवाटेची जुनी गाडी

मोटारसायकल हा काही कौटुंबिक मासिकाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या सदलग्यासारख्या गावी मोटारसायकल ही पूर्वीच्या बैलजोडीइतकीच घरातली गोष्ट आहे. ती घेताना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले जाते, घरी आणल्यावर तिला हार घालून नारळ फोडला जातो आणि खंडेनवमीला कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर तिचीही पूजा होते. त्यातून ती जुनी घ्यायची असेल आणि ती घेऊन घरचा मुलगा रोज एकटा रानातून जाणार असेल, तर तो विषय सोप्यातल्या पुरुषांच्या गप्पांत राहत नाही. थेट स्वयंपाकघरात जाऊन बसतो. १९९९ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी नेमके असेच झाले.

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सदलगा हे चिकोडी तालुक्यातले, दूधगंगेच्या काठचे गाव. नदी सह्याद्रीतून, राधानगरीच्या बाजूने उतरून येते आणि आमच्यापाशी ती सपाट, काळ्या जमिनीतून वाहत असते. पलीकडे दत्तवाड, ते महाराष्ट्रात. अलीकडे आम्ही, कर्नाटकात. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही, असा आमचा जुना शिरस्ता. नदीच्या अलीकडच्या गाड्यांवर 'केए २३' आणि पलीकडच्या गाड्यांवर 'एमएच ०९' असे लिहिलेले असते. ही अक्षरे परक्याला किरकोळ वाटतील. गाडी विकत घेणाऱ्या सीमेवरच्या माणसाला ती किरकोळ नसतात, हे पुढे येईलच.

आम्ही सत्तावीस वर्षे एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात काढली. उसाची नोंद घेणे, तोडीच्या तारखा देणे, टोळ्यांवर नजर ठेवणे, हे काम खुर्चीवरचे नव्हे. सारा दिवस पाणंदीतून आणि बांधांवरून फिरायचे. पहिल्या दहा वर्षांत आमच्या बुडाखाली राजदूत होती, पुढे येझदी आली. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीची पाणंद म्हणजे काय असते, हे ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक. चिखल चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये असा घट्ट बसतो की चाक फिरतच नाही. बाभळीच्या काटकीने तो उकरून काढावा लागतो. त्यामुळे गाडीची पारख हा आमचा छंद नव्हता. पोटापाण्याच्या ओघात ती विद्या अंगी लागली होती.

त्या वर्षी आमच्या पुतण्याला प्राथमिक शिक्षकाची नेमणूक मिळाली. गाव मिळाले ते खानापूर तालुक्यातले, मलप्रभेच्या उगमाकडे कणकुंबीच्या बाजूस जे डोंगर आहेत, त्यांतली एक लहानशी वाडी. एका खोलीची सरकारी मराठी शाळा, एक शिक्षक, अकरा मुले. वाडीत राहण्याची सोय नव्हती. डांबरी सडकेवरच्या गावी खोली घ्यायची आणि तेथून नऊ किलोमीटर रानातून जायचे, असा हिशेब होता. वाट बैलगाडीची, मध्ये दोन नाले, आणि पाऊस असा की आमच्याकडे वर्षभरात पडतो त्याहून अधिक तिकडे एका महिन्यात पडावा. आधीचे गुरुजी पायी जात-येत होते. दोन पावसाळ्यांनंतर त्यांनी बदली मागून घेतली. एकशिक्षकी शाळेचे गणित फार सरळ असते. गुरुजी पोचले तर शाळा भरते. न पोचले तर मुले गुरांमागे जातात, आणि एकदा गुरांमागे गेलेले मूल परत पाटीवर बसवणे कठीण. कर्नाटकातल्या मराठी माणसाला मराठी शाळेच्या एकेका वर्गाचे काय मोल असते, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही वेगळे सांगावयास नको.

तेव्हा गाडी घ्यायची ठरले. पैसे बेताचे, वीस हजारांच्या वर जाणे शक्य नव्हते. नवी गाडी या रकमेत येत नव्हती. पुतण्या म्हणाला, "काका, जुनी आरएक्स बघूया." आमचे बंधू म्हणाले, "येझदी बघा, दणकट असते." वहिनी एवढा वेळ पोळ्या लाटीत होत्या. त्यांनी लाटणे थांबवून एकच प्रश्न विचारला, "भावोजी, गाडी चिखलात पडली, तर त्याला एकट्याला उचलता येईल का?"

गाडीच्या निवडीवर तेव्हापासून आजवर आम्ही पुष्कळ ऐकले आणि वाचले. परंतु यापेक्षा नेमका प्रश्न कोणी विचारल्याचे स्मरत नाही. शहराच्या रस्त्यावर गाडी पडली तर चार माणसे धावून येतात. रानात धावून येणारे कोणी नसते. तेथे गाडीची ताकद, तिचा वेग, तिचे नाव, यांना अर्थ उरत नाही. जे स्वाराला एकट्याने उचलता येते, एकट्याने उघडता येते आणि एकट्याने पुन्हा चालू करता येते, तेच वाहन रानाचे. आम्ही जी पारख केली ती या एका कसोटीवर.

दोन-स्ट्रोक गाडीच का, हेही सांगितले पाहिजे. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार धावांत एकदा पेट्रोलचा भडका होतो. दोन-स्ट्रोकमध्ये दर दोन धावांत. म्हणून तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक जोर करते. शिवाय त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ते हलवणारा कॅमशाफ्ट नाही, त्याची साखळी नाही. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात. पिस्टन वर-खाली जाताना त्या झाकतो आणि उघडतो, एवढ्यावर सारा कारभार चालतो. भाग कमी म्हणून वजन कमी, आणि बिघडण्यासारखेही कमी. मोजक्या हत्यारांनिशी झाडाखाली बसून उघडता यावे असे ते यंत्र आहे. त्याचे दोषही तितकेच उघड आहेत. खिडक्या उघड्या असताना ताज्या पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. म्हणून ही गाडी पेट्रोल जास्त पिते. आणि वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत जाऊन जळते. म्हणून ती धूर सोडते. याच दोन कारणांनी, २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर, आपल्याकडच्या कारखान्यांतून दोन-स्ट्रोक मोटारसायकली एकेक करून बंद झाल्या.

जगात या लहान दोन-स्ट्रोक गाडीचे घराणे मोठे आहे. जर्मनीत १९३९ साली डीकेडब्ल्यू कंपनीने आरटी १२५ नावाची एक साधी, हलकी गाडी काढली. युद्धानंतर तिच्या आराखड्यावरून अनेक देशांनी गाड्या बांधल्या. इंग्लंडात तीच बीएसए बँटम झाली आणि टपाल खात्याची पोरे तिच्यावरून तारा वाटू लागली. जपानात यामाहाने १९५५ साली आपली पहिली मोटारसायकल काढली तीही याच नमुन्यावर. त्याच यामाहाने १९६८ साली डीटी-१ ही अडीचशे सीसीची रानवाटेची गाडी अमेरिकेत नेली आणि तेथे जंगलातून मोटारसायकल हाकणे हा घरोघरचा छंद होऊन बसला. इकडे चेकोस्लोव्हाकियात जावाच्या भावकीतल्या सीझेड गाडीवर बसून बेल्जियमच्या जोएल रोबेर याने १९६४, १९६८ आणि १९६९ या वर्षी चिखलमातीच्या शर्यतीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. जावाचे आपल्याकडचे रूप म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून निघू लागले. पुढे त्याचेच येझदी झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. म्हणजे आपल्या रस्त्यांवरून दूध आणि वैरण वाहणाऱ्या या गाड्यांच्या अंगात रानाचे रक्त होतेच. मात्र मुद्दाम रानासाठी बांधलेली लहान गाडी आमच्या बाजारात मिळत नसे. रस्त्याचीच एखादी गाडी पारखून रानासाठी घ्यावी लागे.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या.

पहिली इचलकरंजीतली येझदी, एका यंत्रमागवाल्याच्या दारात उभी. अडीचशे सीसी, दोन सायलेन्सर, आणि किक व गिअर यांचा एकच दांडा; किक मारायची, दांडा पुढे घ्यायचा आणि तोच गिअरचा होतो. गाडी गार होती. दुसऱ्या किकला धडधडत उभी राहिली. प्लग काढून पाहिला तर दुधाच्या चहासारखा तपकिरी. हे उत्तम लक्षण. प्लग काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त जाते आहे असे समजावे. पांढराफटक असेल तर इंजिन उपाशी चालते आहे, आणि उपाशी दोन-स्ट्रोक फार दिवस जगत नाही. यंत्र निर्दोष होते. मग आम्ही मालकाची परवानगी घेऊन ती हळूच वाळूच्या ढिगाऱ्यावर आडवी केली आणि पुतण्याला म्हटले, "उचल." मालक आमच्याकडे पाहतच राहिला. गाडीचे वजन १४० किलोंच्या घरात, आमच्या पुतण्याचे बावन्न. सपाटीवर त्याने ती कशीबशी उभी केली. तिसऱ्या खेपेस दम लागला. उतारावर, पावसात, पायाखाली लाल माती असताना ती उठली नसती. शिवाय नंबर एमएच ०९ चा. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्याकडे कायमची आणायची तर तिकडच्या कचेरीचा ना-हरकत दाखला, इकडचा कर, नवी नोंदणी, हे सारे आले. मालकाचे आभार मानून आम्ही निघालो.

दुसरी गाडी कोल्हापुरात, जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडे. यामाहा आरएक्स १००, लालभडक, नवा रंग, नवे स्टिकर, आरशासारखे क्रोम. पुतण्याचे वय चोवीस. त्याचे डोळे तेथेच लागले. आम्ही सिलिंडरवर हात ठेवला तर तो गरम. "आत्ताच एक गिऱ्हाईक बघून गेलं की ओ," दलाल म्हणाला. आम्ही म्हटले, "मग गार होऊ दे," आणि अंबाबाईच्या दर्शनाला निघून गेलो. दोन तासांनी परतलो तेव्हा गाडी खरोखर गार झाली होती. चौदाव्या किकला ती सुरू झाली. मागून पांढरा धूर निघाला तो पाच मिनिटे झाली तरी थांबेना, आणि आवाज असा की समोरच्या दुकानातली माणसे बाहेर आली.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी खाली, क्रँकच्या पेटीत येते आणि तेथून दाबाने वर सिलिंडरमध्ये चढते. म्हणून ती पेटी डबाबंद असावी लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची ऑईल सीले असतात. ती झिजली की गाडी आतून फुटक्या भांड्यासारखी होते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापतो. क्लचच्या बाजूचे गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि पांढरा धूर थांबत नाही. थंड गाडीने पहिला अर्धा मिनिट धूर सोडला तर घाबरू नये. ती तिची प्रकृतीच आहे. तापल्यावरही धूर तसाच राहिला तर मात्र तेथून उठावे. गाडी दाखवण्यापूर्वी ती तापवून ठेवण्याची युक्ती असते ती यासाठीच. आवाजाचे कारण निराळे होते. कोणीतरी सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकली होती. तरुण मुलांना वाटते, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली. वस्तुस्थिती उलट आहे. सायलेन्सरच्या आकारामुळे आतून एक दाबाची लाट परत फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरात मागे ढकलते. आतली रचना बिघडवली की खालच्या वेगातली ओढ कमी होते, आणि रानवाटेला नेमकी तीच ओढ लागते.

परतीच्या बसमध्ये पुतण्या गप्प होता. आम्हीही काही बोललो नाही.

तिसरी गाडी निपाणीत, तंबाखूच्या वखारीतल्या एका दिवाणजींची. तीही आरएक्स १००, १९९१ ची, केए २३. टाकीचा काळा रंग उडालेला, उजव्या अंगाला पोचा, सीट फाटलेली, मागचा शॉकअप तेल गाळत होता. हँडल हलवले तर कोनसेट ढिला. पुतण्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, "काका, एवढ्या लांब यासाठी आणलंत?" परंतु दिवाणजींनी खणातून एक वही काढली. वखारीतल्या माणसाचीच ती वही. तारीखवार सारे लिहिलेले. कधी तेल भरले, कधी प्लग बदलला, कधी सायलेन्सरमधला कोळसा जाळून साफ केला, कधी क्लचप्लेटी घातल्या. सिलिंडरचा बोअर एकदाच झालेला, तोही पाव मिलिमीटरचा. हा आकडा आम्हांस टाकीच्या रंगापेक्षा मोलाचा वाटला. सिलिंडर झिजला की तो आतून घासून किंचित मोठा करतात आणि त्यात मोठा पिस्टन बसवतात. पण हे पाव-पाव मिलिमीटरने, मोजकेच वेळा करता येते. चार वेळा बोअर झालेली गाडी म्हणजे शेवटचे पान उलटलेली वही. येथे तीन पाने शिल्लक होती.

गाडी गार होती. किकवर नुसता देहाचा भार दिला तर ती मधेच अडून राहिली, सरसरत खाली गेली नाही. म्हणजे दाब शाबूत. तिसऱ्या किकला सुरू झाली. धूर निघाला आणि मिनिटभरात विरला. मग दिवाणजींच्या समक्ष आम्ही सायलेन्सर सोडवला आणि खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहिला. त्यावर उभे ओरखडे असले तर ती गाडी कधीतरी तेलावाचून जाम झालेली असते. ते वहीत लिहिलेले नसले तरी पिस्टनवर लिहिलेले असते. येथे पिस्टन स्वच्छ होता. टाकीत बॅटरी मारली. तळाशी थोडा गंज, धुऊन जाण्याजोगा. तेलाची निराळी टाकी आणि तिचा पंप काम करीत होता. हे मुद्दाम पाहिले, कारण आरएक्समध्ये तेल पेट्रोलमध्ये हाताने मिसळावे लागत नाही. पंप ते मापाने आत सोडतो. पुष्कळ लोक पंप बिघडला की तो काढूनच टाकतात आणि अंदाजाने तेल ओततात.

पुतण्याला आम्ही बाजूला घेऊन म्हटले, "हे बघ, शॉकअप, कोनसेट, टायर, सीट, हे सारं बाहेरचं दुखणं. शेकड्यात भागतं. पोटाचं दुखणं हजारात जातं, आणि रानात निघालं तर पैशानंही भागत नाही. त्या लाल गाडीचं बाहेरचं सगळं बरं केलं होतं, पोट तसंच ठेवलं होतं. हिचं उलट आहे." तो काही बोलला नाही; खाली वाकला, गाडी आपण होऊन आडवी घातली, आणि उचलली. शंभर किलोंच्या आसपासची ती गाडी एका दमात उभी राहिली. मग हसून म्हणाला, "आईला सांगायला पाहिजे." दिवाणजींनी अठरा हजार सांगितले, साडेसोळा हजारांत व्यवहार झाला. चॅसीचा आणि इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून पाहिला, विम्याचा कागद घेतला आणि नाव बदलण्याच्या अर्जांवर त्याच बैठकीत सह्या करून घेतल्या. जुन्या गाडीचे पैसे देऊन "कागद मागाहून देतो" या बोलीवर घरी येणे म्हणजे लग्न लावून नवरी माहेरी ठेवण्यासारखे आहे.

दुरुस्तीला अडीच हजार गेले. पुढचे दातेरी चाक एक दात कमी असलेले बसवले. त्याने पळण्याचा वेग थोडा उतरतो, परंतु पहिल्या गिअरात गाडी चढावर मुंगीच्या चालीने जाऊ शकते. मागे खोल नक्षीचा टायर घातला. मडगार्डला हात लावला नाही. आमच्याकडच्या काळ्या चिखलासाठी ते उंच करावे लागते. खानापूरची जांभ्याची लाल माती चिकटत नाही, ती पायाखालून सरकते. दोन्ही चिखलांचे स्वभाव निराळे आणि दोहोंसाठी गाडी निराळी सजवावी लागते. सीटखाली एक पिशवी दिली: प्लगचा पाना, दोन प्लग, क्लचची आणि ॲक्सिलेटरची केबल, साखळीचे लॉक, पॉलिश पेपरचा तुकडा, पंक्चरचे सामान, हातपंप.

जूनपर्यंत दोन आठवडे आम्ही त्याला आमच्याच पाणंदीत शिकवले. फूटरेस्टवर उभे राहून चालवणे. निसरड्यात पुढचा ब्रेक न लावणे. उतारावर क्लच न दाबता खालच्या गिअरात उतरणे, आणि अधूनमधून ॲक्सिलेटर थोडा उघडणे. हे शेवटचे फार थोड्यांना ठाऊक असते. दोन-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलच्या सोबतीने येते. लांब घाट उतरताना ॲक्सिलेटर अगदी बंद ठेवला तर चाके इंजिनाला वेगाने फिरवत राहतात आणि तेल मात्र थेंब-थेंबच पोचते. तेल हाताने मिसळलेल्या गाडीत तर पिस्टन अशाने घाट संपेपर्यंत जाम होतो. नाला आला तर आधी उतरून पायी पाहून यावे. पाणी हवेच्या फिल्टरपर्यंत येत असेल तर गाडी अलीकडे ठेवून चालत जावे. इंजिनात पाणी शिरलेच तर किक मारण्याचा हट्ट करू नये. प्लग काढावा, गाडी कलती करून पाणी निथळू द्यावे, मग किक मारून उरलेले बाहेर काढावे. डोळे मिटून प्लग बदलता येईपर्यंत आम्ही त्याला सोडले नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचे आंतर्देशीय पत्र आले. दुसऱ्या नाल्याच्या उतारावर गाडी पडली होती. डाव्या गुडघ्याला खरचटले होते. पाऊस इतका होता की समोरचे झाड दिसत नव्हते. गाडी दोन दमांत उचलली, प्लग ओला झाला होता तो बदलला, पाचव्या किकला सुरू झाली. शाळेत पोचायला वीस मिनिटे उशीर झाला. मुले वळचणीखाली उभी होती, सर्व अकरा. पत्र वहिनींनी दोनदा वाचून घेतले. गुडघ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी हळदीची पूड आणि जाड कापडाचे दोन गुडघेपट्टे शिवून पाठवले.

त्या वाडीवर तो सहा वर्षे राहिला. गाडीचा दुसरा बोअर २००३ साली कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात केला. दोन पाने अजून शिल्लक आहेत. २००५ साली त्याची बदली झाली आणि गाडी आमच्या गोठ्याशेजारच्या छपरात आली. पंधरा वर्षे भरल्यावर २००६ साली आम्ही तिची नोंदणी पुन्हा करून घेतली, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती चालू ठेवली आहे.

आता दर महिन्यास कोणी ना कोणी तरुण ती पाहण्यास येतो. जी गाडी पूर्वी पोटासाठी घेत, ती आता हौसेसाठी मागतात आणि नव्या गाडीइतके पैसे देऊ करतात. हौसेला आमचा विरोध नाही. परंतु "कुठे चालवणार?" असे विचारले की उत्तर येते, "खानापूरच्या जंगलात, रविवारी." तेव्हा आम्ही त्यांना बसवून घेऊन तीन गोष्टी सांगतो. पहिली, त्या रानाचा मोठा भाग २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तेथे परवानगीवाचून हिंडता येत नाही. गव्याच्या आणि अस्वलाच्या वाटेवर नळी काढलेला सायलेन्सर घेऊन जाणे हे शौर्य नव्हे. सरावाला आपल्या गावची पाणंद पुरते; शेतमालकाला विचारावे म्हणजे झाले. दुसरी, आजच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले बरेचसे आमच्याच उसाचे. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या गाडीच्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि सीले नवी घालावीत, आणि गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. तिसरी गोष्ट आम्ही सांगत नाही, करावयास लावतो. पोते अंथरून गाडी त्यावर आडवी घालतो आणि म्हणतो, "एकट्यानं उचला."

काही जण उचलतात. काही जण मित्राला हाक मारतात. गाडी आम्ही कोणालाच विकलेली नाही आणि विकणारही नाही. परंतु ज्यांना दुसरीकडे घ्यायची आहे, त्यांनी येथे येऊन आधी उचलून पाहावी. चहा होईपर्यंत तेवढा वेळ असतोच.